गोळी शकूच्या हातून नको

शांताबाई ठाकुर्लीला चाळीत राहायच्या. पालिकेच्या दवाखान्यात आया होत्या. नवरा लवकर गेला, एकुलत्या चांगदेवला त्यांनीच वाढवलं. १९९०च्या सुमारास तो दारूत बुडाला, तेव्हा ठाण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातही त्याला त्यांनीच नेलं.

उपचार संपवून घरी सोडताना केंद्रातल्या बाईंनी त्याच्या बायकोला, शकूला सांगितलं, "रोज सकाळी ही गोळी तुमच्या हाताने द्या. ती पोटात असताना प्यायले तर त्रास होतो, म्हणून पिणार नाहीत. घरच्यांची साथ हवी."

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी शांताबाई नळावरून हंडा घेऊन आल्या, तर चांगदेवने शकूचं मनगट पिरगाळून तिला भिंतीशी दाबलेलं.

"मी काय चोर आहे? रोज तोंड उघडून दाखवू तुला?"

आई दिसताच त्याने हात सोडला. "काय नाय गं, मस्करी."

शकूने खाली पडलेली गोळी उचलली, पदराला पुसली आणि पुन्हा त्याच्यापुढे धरली.

शनिवारी केंद्रात कुटुंबांची बैठक होती.

"शकू, मोकळेपणाने बोला. घरी काही त्रास?" बाईंनी विचारलं.

चांगदेवने तिच्या खांद्यावर हात ठेवला. शकूने अंग चोरलं.

"नाही," ती म्हणाली.

शांताबाईंनी ते पाहिलं. इथे बोललं तर घरी गेल्यावर शकूचं काय होईल? त्या उठल्या. "बाई, जरा बाहेर येता?"

व्हरांड्यात त्या एका दमात म्हणाल्या, "तो मारतो तिला. त्याच्यासमोर विचारू नका. गोळी तिच्या हातून नको, आणि आज त्याला आमच्याबरोबर पाठवू नका."

"पण घरच्यांशिवाय त्याची दारू सुटणं कठीण आहे, आजी."

"नाही सुटली तर नाही. तिचा हात मोडून मला पोरगा बरा करायचा नाही."

मग बाईंनी शकूला एकटीला आत बोलावलं. बराच वेळ दार बंद होतं.

चांगदेवला केंद्रातच ठेवून घेतलं. पुढे तो कल्याणला मामाकडे, बाबुरावांकडे राहिला. गोळी केंद्रात जाऊन नर्ससमोर घ्यायचा. दोनदा ठाकुर्लीला येऊन त्याने दार बडवलं. शांताबाईंनी कडी काढली नाही. शेजारी बाहेर आले, तसा तो निघून गेला.

दारू सुटायला दोन वर्षं लागली. मग तो एकदा दिवसाढवळ्या आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "आई, आता तरी घरात घेशील?"

"मला नको, तिला विचार."

शकू आतूनच म्हणाली, "नाही."

तो जिना उतरून गेला. शांताबाई भांडी घासायला बसल्या, पण हात चालेना. शकूने त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि स्वतः घासायला लागली.