हात लावलेला कीबोर्ड

शिपाई कीबोर्डवर गोमूत्र शिंपडत होता आणि संस्थेचे अध्यक्ष, अण्णा, मला बघायला लावत होते.

"बाई, इकडं बघा. तुमच्यामुळं करावं लागतंय हे."

मी बघितलं. आधी की-बटणांवर थेंब, मग फडकं, मग उदबत्ती. अण्णांच्या तोंडात गुटखा होता.

बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या शाळेत मी भूगोल शिकवायची. महारवाड्यात वाढले, शिकले, इथं लागले. तेव्हा सगळीकडं एकच बोलणं: देश उघडला, जग जवळ आलं. आमच्या संस्थेलाही देणगीत कॉम्प्युटर मिळाला, फोनच्या तारेवर इंटरनेट आलं. ते जवळ आलेलं जग अण्णांच्या केबिनमध्ये कुलपात राहायचं.

महिनाभर मागं लागून मी एक तास मिळवला. आठवीची पोरं नेली. निम्मी ऊसतोड्यांची. दिवाळीआधी आईबापामागं कारखान्यावर जाणारी. पुस्तकात टुंड्रा, तैगा, वाळवंट, वर्षावनं नुसती पाठ करायची असतात. मी म्हटलं, आज पाठ करायचं नाही. पडद्यावर जगातल्या एकेका गावाचं महिन्यामहिन्याचं ऊन-पाऊस बघा आणि तिथं काय उगवत असेल ते तुम्हीच सांगा.

पान लई सावकाश उघडायचं. पोरं श्वास धरून बसलेली. एका गावी बारा महिने पाऊस. "गच्च रान असंल!" एका गावी पाऊसच नाही. "वाळू." एका ठिकाणी उन्हाळा आला न आला की पुन्हा बर्फ. संगीता म्हणाली, "झाड धरायचंच न्हाई तिथं. शेवाळ असंल." टुंड्रा तिनं स्वतः शोधला होता.

मग तिनं विचारलं, "बाई, आपलं बीड बघू."

बीड नव्हतं. औरंगाबाद होतं.

"आमी न्हाई व्हय ह्यात?"

मी तिचा हात धरून औरंगाबादवर क्लिक करायला लावलं. तेवढ्यात अण्णा आले. दारातच नाकाला रुमाल.

"ह्यांना कावून बसवलं इथं? उद्या कोयताच धरायचाय ह्यांना. उठा बे!"

पोरं उठली. चपला हातात घेऊन, भिंतीला चिकटून बाहेर गेली. तेच मला सहन होईना. इतक्या लहान वयात इतकी सवय!

त्यानंतर तो गोमूत्राचा कार्यक्रम. विज्ञानाचे सर दारात उभे होते. विज्ञानाचे! म्हणाले, "जाऊ द्या ना बाई. नोकरी हाय."

पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. अण्णांनी सांगितलं, "तोच धडा दाखवा. पण पोरं आपल्या घरातली घ्या. नीट बोलणारी."

माझा धडा. संगीताची उत्तरं. तोंडं त्यांची.

त्या दिवशी मी केबिनमध्ये गेले ती संगीताला आणि तिच्या सोबत्यांना घेऊनच. अण्णा उठून उभे राहिले. मी साहेबांना म्हटलं, "धडा या पोरांनी केलाय. यांनी हात लावला म्हणून या मशीनवर गोमूत्र शिंपडलं. मी समोर होते."

साहेबांनी चहा संपवला. कपाकडंच बघत म्हणाले, "हा संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे."

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "राजीनामा द्या."

"देणार न्हाई. काढायचं तर काढा. कावून काढलं ते मात्र लेखी द्या."

लेखी द्यायची त्यांची हिंमत झाली नाही. भूगोल काढून घेतला, मला चित्रकलेचे तास दिले. स्टाफरूममध्ये माझ्याशेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. संगीता कारखान्यावर गेली. परत आली नाही.

पुढं बीडला इंटरनेटचं दुकान निघालं. आता रविवारी मी पोरांना एसटीनं तिकडं नेते. अण्णांना कळलं. बोलावून म्हणाले, "परवानगी घेतली का?"

"न्हाई," मी म्हटलं. "आणि पुढंही घेणार न्हाई."