तोफ आणि खोडलेली अकरा नावं

ती बोलायला लागली की समोरच्याला पळायला वाट सापडत नसे, म्हणून अख्खी गल्ली तिला तोफ म्हणायची. सव्वीस वर्षं ती सरकारी दवाखान्याच्या बाळंतखोलीत आया होती. अर्धी गल्ली पहिल्यांदा तिच्याच हातात रडली आणि मोठी होऊन तिलाच उलट बोलायला शिकली!

पुढे नगरपालिकेनं ती खोली बंद केली आणि तिथे फायलींची कपाटं लावली. नववा लागला की बाईनं तीन तासांवरच्या शहरात जाऊन पडायचं. तोफेनं सह्या गोळा केल्या, मोर्चा नेला. अध्यक्ष हसून म्हणाले, "मावशी, एवढा राग असेल तर मतपेटीत टाका."

"टाकतेच! झाकण लागणार नाही एवढा टाकते."

मतदारांची यादी लागली, तर गल्लीतली अकरा नावं गायब. सगळ्या बाळंतिणी, नाहीतर दिवस भरत आलेल्या! यादीचा तपासनीस दारोदार फिरला तेव्हा त्या शहरात बाळंतपणाची वाट बघत होत्या. यानं 'इथे राहत नाही' लिहून काट मारली. म्हणजे खोलीही यांनीच बंद करायची, आणि त्यापायी बाई घराबाहेर गेली की तिचं मतही यांनीच खायचं! अकरावं नाव तोफेच्या सुनेचं. "ती नाही इथे," असं सांगून न वाचताच तपासनिसाच्या कागदावर सही ठोकली होती खुद्द तोफेनं. तो राग तिला गिळताही येईना, थुंकताही येईना.

हरकतीचा शेवटचा दिवस, पाचला खिडकी बंद. दहा जणी पोरं काखेत मारून कचेरीत उभ्या. कारकून म्हणाला, "अकरावी कुठंय? स्वतः यावं लागतं. नियम आहे."

"तीन दिवसांची ओली बाळंतीण आहे ती! नियम करणारा आईच्या पोटातनं आला का रे, की त्या कपाटातनं?"

कारकुनानं दहा अर्ज घेतले, अकरावा काही घेतला नाही. तोफेनं सुनेला सकाळीच शहरात फोन करून बजावलं होतं, "येऊ नकोस, बाई. घाण मी केलीय, मीच निस्तरते." पण सून ऐकते कुठली! सून कोणाची होती?

पावणेपाचला दारात जीप थांबली. भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत सून खिडकीशी आली. बाळ तिनं सासूच्या हातात दिलं. कारकून गडबडून उठला, स्वतःची खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, "बसा ना, ताई."

"बसवत नाही. टाके आहेत," सून म्हणाली. "सही कुठे करायची ते दाखवा."