पनवेलच्या मुलींची गाण्याची परीक्षा

पनवेलला जायचं मी ठरवलं ते चक्क रागाच्या भरात. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. पुण्यातल्या एका कॉलेजात मी संगीत शिकवत होते. गाण्याची चिरफाड करून त्याची बांधणी फळ्यावर मांडणं हे माझं काम, आणि गाणं प्रत्येक शाळेत शिकवलंच पाहिजे हे माझं वेड. शिक्षकांच्या एका सभेत मी हे वेड तावातावानं मांडलं, तेव्हा पनवेलच्या एका शाळेचे मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, “बाई, आमच्याकडे खाडीकाठच्या गावांतल्या मुली येतात. त्यांना गळाच नाही. येऊन बघा.”

येते, म्हटलं. त्यांच्या शाळा समितीनं अट घातली. मी आठवडाभर शिकवायचं आणि शनिवारी समितीपुढे मुलींनी एकेकीनं गाऊन दाखवायचं. जमलं तर शाळेत गाण्याचा तास सुरू होणार, नाही जमलं तर विषय कायमचा बंद. माझ्या नवऱ्याला वाटलं, मी दोन दिवसांत परत येईन.

तुम्ही आज एक्सप्रेसवेवरून गप्पा संपायच्या आत पनवेलला पोहोचाल. आम्हाला घाटातून लाल एसटीनं जावं लागे. गाडी इतकी हिंदकळायची की मांडीवरच्या पेटीचे सूर आपोआप वाजतील असं वाटे. घाट उतरल्यावर खोपोलीला गाडी थांबली. तिथला चहा गोडमिट्ट आणि वडा मात्र झकास. खोपोलीच्या पुढे हवा चिकट झाली, आणि पनवेलच्या बाजारात उतरले तेव्हा सुकटीच्या वासानं माझं स्वागत केलं. शाळेतल्या शिवणाच्या बाई, सुशीलाताई, टांगा घेऊन आल्या होत्या. मुक्काम त्यांच्याच घरी, तळ्याजवळ. डास भयंकर, मच्छरदाणी फाटकी, पण तांदळाची भाकरी अशी मऊ की मी रोज एक जास्त खाल्ली.

सोमवारी वर्ग भरला. पेटीवर काळी चारचा सा दिला आणि पहिल्या मुलीला उभं केलं. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. दुसरी हसली आणि खाली बसली. तिसरीनं पदर दातात धरला. चांगुणा नावाची एक चुणचुणीत मुलगी पाढे, कविता सगळं खणखणीत म्हणायची, पण “सा लाव गं” म्हटलं की तिचं तोंड मिटलं. मंगळवारी तेच. मी गोड बोलले, ओरडले, खडीसाखर वाटली. मुख्याध्यापक दारातून डोकावून जात, आणि तेच मला जास्त झोंबे.

बुधवारी निम्मा वर्ग गायब. “चांगुणाच्या आतेचं लग्न आहे,” सुशीलाताई म्हणाल्या, “मलाही आमंत्रण आहे, चला.” बैलगाडीतून निघालो. एका बाजूला मिठागरांत मिठाचे पांढरे ढीग, दुसरीकडे लांबवर कर्नाळ्याचा सुळका. (वेळ असेल तर किल्ल्यावर जरूर जा, पण सकाळी लवकर. दुपारचं ऊन तिथे माणसाला भाजून काढतं.)

मांडवात हळद चालली होती. बायका दोन रांगांत समोरासमोर बसल्या होत्या आणि गात होत्या. आणि त्यांच्यात, गळ्याच्या शिरा ताणून, माझ्या वर्गातून गायब झालेल्या त्याच मुक्या मुली! मला इतका राग आला की पहिली दोन गाणी मी नीट ऐकलीसुद्धा नाहीत. मग कान ताळ्यावर आले. एक रांग ओळ म्हणायची, आणि ती संपायच्या आत दुसरी रांग तिचा शेवटचा सूर पकडून पुढे निघायची. पहिली रांग तो सूर सोडायची नाही, दुसरीनं घेईपर्यंत धरून ठेवायची. पेटी नाही, तानपुरा नाही, तरी तासभरात सूर तसूभर ढळला नाही. मी फळ्यावर शेकडो बंदिशी सोडवल्या होत्या, पण ही बांधणी मी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, आनंदानं माझ्या अंगावर काटा आला.

शेजारी बसलेल्या चांगुणाच्या आईला, हौशीबाईंना, मी म्हटलं, “तुम्ही एकट्या म्हणून दाखवाल का? मला लिहून घ्यायचंय.”

त्या खळखळून हसल्या. “एकली कशी गानार वो बाई? मंग उचलनार कोन?”

“आणि कोणी एकटी गायलीच तर?”

“एकली बाय रडते. गात नाय.”

म्हणजे दोन दिवस मी त्या पोरींना सगळ्यांसमोर रडायला सांगत होते!

गुरुवारी मी पेटी बंद केली आणि वर्गाचे दोन भाग करून मुलींना समोरासमोर बसवलं. एका रांगेनं सा रे ग म्हणायचं, ग धरून ठेवायचा. दुसरीनं तो ग उचलून ग म प म्हणायचं. अर्ध्या तासात सप्तक पूर्ण. शुक्रवारी लग्नातलं एक गाणं घेतलं आणि त्यातला कुठला सूर कुठे लागतो ते मुलींनीच बोटं वर-खाली करून दाखवलं. सुशीलाताई शिवणाचा तास सोडून मागे येऊन बसल्या.

शनिवारी समिती आली. अध्यक्ष भातगिरणीचे मालक, माणूस सरळ पण हट्टी. मुली दोन रांगांत सुरेख गायल्या. अध्यक्षांनी हात वर केला.

“छान. पण घोळक्यात कोण गातंय ते कळत नाही. अट एकेकीची होती. ती पहिली मुलगी उभी करा.”

चांगुणा उभी राहिली. तिचा अंगठा जमीन उकरायला लागला. हा क्षण गेला असता तर या शाळेत पुन्हा कुणी गाण्याचं नाव काढलं नसतं. मी उठले आणि तिच्या समोर जाऊन उभी राहिले. “तू म्हण. मी उचलते.”

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सुरुवात केली. लग्नातलंच गाणं. ओळ संपत आली आणि मी, पुण्याची संगीताची प्राध्यापक, पुढचे शब्दच विसरले. चांगुणा थांबली नाही. तिनं शेवटचा सूर धरला. भुवया उंचावून माझ्याकडे बघत, छाती भरून, धरूनच राहिली. मुख्याध्यापकांनी हळूच पेटीची पट्टी दाबून पाहिली. सूर तोच होता. त्यांनी पट्टी सोडली तरी तिचा सूर हलला नाही. मग मला शब्द आठवले आणि मी उचललं.

“हिला तुमची मदत लागते,” अध्यक्ष म्हणाले.

“लागते. मला तिची लागली, ती तुम्ही आत्ता बघितलीत.”

अध्यक्षांच्या आधी मुख्याध्यापकच बोलले. “साहेब, गळा नाही असं मीच म्हणालो होतो. ते शब्द मी मागे घेतो. तास सुरू करू या.”

परतीच्या एसटीत मी आडवीतिडवी झोपले. नवऱ्यानं विचारलं, काय आणलंस? सुकट सोडून सगळं, म्हटलं.

पुढे बायकांच्या त्या गाण्यांवर मी बरंच लिहिलं, पण ते कपाटात राहिलं. खरं भांडण झालं ते आमच्या कॉलेजात. संगीताच्या प्रवेशपरीक्षेत आम्ही मुलींना एकेकटीला उभं करून गायला लावायचो, आणि दरवर्षी कितीतरी जणी दारातूनच परत जायच्या. ही पद्धत बदला, म्हणून मी प्राचार्यांकडे हट्ट धरला. “दोघी गायल्या तर गुण कोणाला द्यायचे?” ते म्हणाले. “सूर धरेल तिला,” मी म्हटलं आणि जूनमध्ये खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या.

पहिली मुलगी घाबरतच आत आली. तिनं रिकाम्या खुर्चीकडे पाहून विचारलं, “बाई, इथे कोण बसणार?”

“मी,” म्हटलं आणि बसले.