मेणातला तुकडा
विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला लाखनीच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. बाबांच्या फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा लॅबने मेणाच्या ठोकळ्यात बसवून एका छोट्या डबीत दिला होता, आणि जनुकांच्या तपासणीसाठी तो मला नागपूरला पोचवायचा होता. बाबांना गोळ्या चालतील की केमोच द्यावी लागेल, हे त्यावरून ठरणार होतं; पुन्हा तुकडा काढून घेण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मी आंघोळ करून आले तर डबी टेबलावर नव्हती. आईने ती वंदनेच्या वेळी बुद्धमूर्तीपुढे ठेवली होती, जळत्या मेणबत्त्यांना अगदी टेकून. “आई, ते मेण आहे!” मी इतक्या जोरात ओरडले की बाबा खाटेवर उठून बसले. “काहून ओरडून राहिली वो? चांगलं व्हावं म्हणूनच ठेवली ना मी,” म्हणत आईने डबी उचलली. मी झाकण उघडलं. मेणाचा एक कोपरा मऊ झाला होता, पण मधला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा जागेवर होता. “आण इकडे, मले पाहू दे,” बाबा म्हणाले, आणि बराच वेळ पाहून, “एवढ्याशानं मले खाटेवर पाडलं होय!” मी झाकण लावलं आणि डबी घेऊन नागपूरला निघाले. तो तुकडा तपासणीसाठी उपयोगी ठरला आणि गोळी लागू पडली. आता घरी कोणी आलं की बाबा सांगतात, “पोरगी त्या दिवशी ओरडली म्हणून तुमच्यासंग बसून आहो.” मी आतल्या खोलीत ऐकत असते, आणि चहा घेऊन बाहेर आईलाच पाठवते; चांगलं व्हावं म्हणून डबी तिनेच ठेवली होती ना.