सरांचा पालथा तांब्या

अख्ख्या लातुरात जमिनीवर विश्वास नसलेला एकच माणूस उरला होता, आणि तो नेमका माझा शेजारी, आमचे सर. भूकंपानंतर आम्ही सगळेच पालथ्या तांब्यावर पेला ठेवून निजायचो. जमीन हलली की पेला पडणार, आवाज होणार आणि आपण अंगणात पळणार. वर्षं सरली, गल्लोगल्ली क्लास निघाले, आमचे तांबे पुन्हा पाण्याला लागले. सरांचा पालथाच राहिला. क्लासमध्ये फिजिक्स शिकवतानाही तो टेबलावर मांडलेला असायचा, आणि बाक सरकवायची पोरांची टाप नसायची.

अशात सरांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. ते फळ्याच्या खालच्या अर्ध्यात गणितं मांडू लागले आणि मागची पोरं उभी राहून वाचू लागली. क्लासच्या मालकांनी गोड आवाजात सुचवलं, "सर, आता आराम करा की." फळा सुटला तर हा माणूस खचणार, हे मला दिसत होतं. म्हणून मीच त्यांना ओढत फिजिओथेरपीला नेलं.

तिथल्या मॅडमनी शॉक वेव्हचं मशीन दाखवलं. लाटांचे ठोके देऊन आखडलेला खांदा मोकळा करायचा, म्हणाल्या. सर शर्ट काढता काढता म्हणाले, "मॅडम, लाट काय करती ते आम्ही बघितलंय. माझी थोरली बहीण गेली त्याच्यात." मग पिशवीतून तांब्या-पेला काढून त्यांनी थेट मशीनच्याच डोक्यावर मांडला. मॅडमनी बटण दाबलं, मशीन थरथरलं आणि पेला खणकन फरशीवर पडला. सर उघड्या अंगानं रस्त्यावर. त्यांच्यामागे कंबर शेकायला आलेल्या आजी, गुडघ्याला पट्टा बांधलेले एक मामा आणि मी. मॅडम पुण्याच्या, त्या एकट्याच आत उभ्या.

"काय झालं हो?" आजींनी विचारलं.

"काई न्हाई," सर म्हणाले. "मशीन चालू झालं."

तरी ते दर आठवड्याला येत राहिले, तांब्या घेऊनच. फक्त तो आता खिडकीत ठेवायचे. शेवटच्या दिवशी त्यांचा हात डोक्याच्या वर गेला. बराच वेळ त्यांनी तो खाली घेतलाच नाही. मग तांब्या सुलटा केला, पाणी मागून घेतलं आणि हात उंच धरून वरून धार सोडत प्यायले. मला फार बरं वाटलं.

आता तो तांब्या भरलेला असतो, वर पेला झाकण म्हणून. परवा मी सरांच्या बायकोला, वहिनींना, त्यावरून चिडवलं, तर त्या पदरानं तो पुसत म्हणाल्या, "आमच्या नणंदबाईंचा हाय हो. ढिगाऱ्यातनं तेवढाच निघाला होता."