न विचारलेल्या मावशी

खाणावळीच्या सुमनमावशींवर अन्याय झाला, गेल्या मंगळवारी, भर दुपारी. टीव्हीवर बातमी होती: जगभरातल्या कंपन्या सर्वेक्षणात म्हणाल्या, खर्च वाढला, तो आम्ही गिऱ्हाइकांवर टाकला. मावशींना कोण विचारतंय? त्यांनी ताटाचा दर वाढवला नाही, पोळी पातळ केली.

"मावशी, पोळीतून पेपर वाचता येतोय!" एकजण ओरडला.

"वाच की. तेलाचा भाव दिसला तर सांग," म्हणत त्या पाठमोऱ्या झाल्या. एरवी त्या ताटाताटापाशी थांबून "आणखी वाढू का?" विचारायच्या. त्या दिवशी विचारलंच नाही. पातेल्यात काहीच उरलं नव्हतं, त्यांच्या वाटणीचंसुद्धा. ही महागाई कुठल्या आकड्यात धरणार?

उद्या जेवायला बसाल तेव्हा वाढणारीला आधी विचारा, "तुमच्यासाठी ठेवलंय का?" आणि पातेल्यात डोकावून बघितल्याशिवाय घास उचलू नका.