अकराऐवजी आठ वाजता

माझा प्रबंध ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रावर होता. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत एका संस्थेनं हे केंद्र काढलं होतं. अकरा ते चार उघडं, कॅरम, वर्तमानपत्रं, टीव्ही, आणि यायला कुणी नाही. माझ्या पाहणीवरून समिती ठरवणार होती की केंद्र चालवायचं, की तिथं स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची. मी झपाट्यानं फॉर्म भरले आणि निष्कर्षही लिहून टाकला: वस्तीतल्या वृद्ध महिलांना अशा सेवेत रस नाही. ते वाक्य मला फार आवडलं होतं, हे कबूल करते.

माझ्या मार्गदर्शक सरांनी गठ्ठ्यातला एकच फॉर्म उचलून वाचला. "काम: काही नाही, घरी बसून. केंद्रात न येण्याचं कारण: वेळ नाही. घरी बसलेल्या बाईला वेळ का नाही?" मी गठ्ठा पुढ्यात ओढला. बाकीचे फॉर्म चाळले, तर जवळजवळ सगळीकडे हीच दोन उत्तरं. मला सरांचा भयंकर राग आला. घरी पोचेपर्यंत तो माझा मलाच यायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच फॉर्मवरच्या घरी गेले. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंना गल्लीत सगळे अव्वा म्हणत. घरात तेलुगू, पण मराठी अस्सल सोलापुरी. उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन त्या विड्या वळत होत्या. मागच्या वेळीही अशाच वळत होत्या. मी समोर बसून, मान खाली घालून 'काम नाही' या चौकटीत खूण केली होती.

"अव्वा, हे काम नव्हे का?"

"काम सुनंचं हाय की. कारखान्याचं कार्ड तिच्या नावावर हाय. मी आपली बसल्या बसल्या हात लावते."

माझी आई माढ्याकडची. दिवसभर रानात राबून, कुणी विचारलं की ती "घरीच असते" म्हणायची. ते ऐकत वाढलेली मी इथं फॉर्म घेऊन आले आणि फसले. लाज वाटली.

फॉर्म पिशवीत घातला आणि नुसतं बोलत बसले. सून सकाळी आदल्या दिवशी वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याला जायची, अकराच्या सुमारास नवी पानं आणि तंबाखू घेऊन यायची. पानं आली की रात्रीची जेवणं होईपर्यंत उठणं नाही. म्हणजे केंद्राचं कुलूप निघायची आणि अव्वांच्या मांडीवर सूप यायची वेळ एकच.

"मग सकाळी मोकळ्या असता?"

"कुटली मोकळी? पाणी, भांडी, नातवंडं. जरा पाठ टेकली की हाक येती."

"केंद्र सकाळी उघडलं तर याल?"

अव्वांनी हातातली विडी पुरी केली, आत सुनेकडं पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "तितं झोपलं तर चालंल का?"

माझ्या फॉर्मवर भजन होतं, योगासनं होती, बैठे खेळ होते. झोप नव्हती.

आतून सून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "सासूला मी राबवते असं लिवणार का?"

"नाही. तुमची नावंसुद्धा लिहिणार नाही. केंद्र कधी उघडावं, एवढंच लिहिणार."

तिनं अव्वांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आठ लिवा. पाणी मी भरून जाते. पोरांचं बघू कायतरी."

निष्कर्ष पुसला आणि प्रत्येक घर पहिल्यापासून धरलं. दोन ठिकाणी दार लावून घेतलं, तिथं परत गेले. एका आजीनं विचारलं, "परत का? मागच्या खेपेला चुकलं का माझं?" माझं चुकलं, असं मी सांगितलं. ते पुढं प्रत्येक घरी सांगितलं, आणि समितीसमोरही.

समितीचे अध्यक्ष हसले. "झोपायला घर आहे की. त्यासाठी केंद्र कशाला?"

आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते, तरी चढलाच. "घरात निजता येत असतं तर त्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं नसतं. तीन महिने आठला उघडा. कुणी आलं नाही, तर अभ्यासिकेची टेबलं लावायला मी स्वतः येते."

तीन महिने मिळाले.

पहिल्या सकाळी पाच जणी आल्या. अव्वांनी टीव्हीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. भिंतीकडेची सतरंजी धरली, पदर तोंडावर ओढला आणि आडव्या झाल्या. समितीच्या नोंदवहीत 'उपक्रम' असा रकाना होता. पाचही जणींपुढं मी 'झोप' असं लिहिलं. साडेदहाला त्यांना उठवायचं होतं, नवी पानं यायची वेळ झाली होती. अव्वांच्या खांद्याशी जाऊन बसले, पण हात काही पुढं होईना.